पाव फेरा

या घरात जेवायला कोण कोणाशेजारी बसलं यावरून वारा कुठल्या बाजूचा आहे ते कळायचं. त्या रविवारी दुपारी थोरली पोचली तेव्हा आप्पांच्या उजव्या हाताची खुर्ची धाकट्या भावाने पटकावली होती, डाव्या हाताला सूनबाई होती, आणि थोरलीसाठी मोकळी ठेवलेली खुर्ची टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, आत्याशेजारी. आत्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तिला हवं तेवढंच ऐकू येतं. तेव्हा थोरलीशी कोणी अबोला धरला होता असं नाही, फक्त तिच्या बोलण्याची सोय कोणी केली नव्हती.

"आलीस बाई एकदाची," आत्या म्हणाली. "मला वाटलं, आधी स्वयंपाकघराची तपासणी करशील आणि मग पानावर बसशील."

"इथला परवाना आईच्या हातात असतो, आत्या. तिथे माझं काही चालत नाही," थोरली म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

असले टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. समुद्रातल्या गॅसच्या कामांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात तिची उमेदीची वर्षं गेली, आणि आप्पा त्या नोकरीला पहिल्या दिवसापासून 'दुसऱ्याच्या कामात बोट घालायचा धंदा' म्हणत आले. धाकट्याचं तसं नव्हतं. तो काम करणाऱ्यांच्या बाजूला गेला, कंपनीत. समुद्रातल्या विहिरींकडून येणारा पाइप किनाऱ्यावर जिथे वर निघतो त्या टर्मिनलवर गॅस आत घ्यायच्या आधीची सगळी तयारी आता त्याच्या हाताखाली होती. बहीण तपासणार आणि भाऊ तपासला जाणार हे कळलं, त्याच दिवशी थोरलीने वरिष्ठांना लेखी कळवून टाकलं होतं. त्यांनी तिच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या अधिकाऱ्याची सही लागेल असं ठरवलं. नियमाचं समाधान झालं. घराचं झालं नाही.

येत्या गुरुवारी पाइपात गॅस सोडायचा होता. या किनाऱ्यावरचे सगळ्यात जुने व्हॉल्व्ह-मिस्त्री म्हणून पहिलं चाक आप्पांनी फिरवावं, असं कंपनीचं बोलावणं होतं. आप्पांनी नवा शर्ट शिवून घेतला होता आणि तो दाखवायच्या निमित्ताने अख्खी गल्ली पालथी घातली होती. आत्या त्यासाठीच गाड्या बदलत, कंबर धरत आली होती. सगळं जमून आलं होतं. अडलं होतं ते थोरलीच्या अहवालापाशी.

"झालं का तुझं लिहून?" आप्पांनी पहिल्याच घासाला विचारलं.

"जेवू तरी द्या हो तिला," आई म्हणाली.

"जेव की. तिला काय दातांनी लिहायचंय?"

"उद्या देणार आहे, आप्पा."

"उद्या देणार ते कळलं. काय देणार?"

थोरलीने भाजी वाढून घेतली आणि मीठ मागितलं. मीठ तिच्यापर्यंत यायला चार हात लागले.

भानगड अशी होती. गॅस सोडण्याआधी पाइप पाण्याने भरतात, पंपाने दाब चढवतात, पंप आणि पाइप यांच्या मधला व्हॉल्व्ह बंद करतात आणि मग दिवसभर, रात्रभर काट्याकडे डोळे लावून बसतात. काटा जागेवर राहिला तर पाइप धडधाकट. उतरला, तर पाणी कुठून तरी निसटतंय. या वेळी तो उतरला होता. फार नाही, जरासा. कंपनीचं म्हणणं, किनाऱ्यावरचा उघडा पाइप रात्री गार पडला, आतलं पाणी आकसलं, म्हणून दाब उतरला. असं होतं, आणि नियमातही त्याला जागा आहे. चाचणीच्या वेळी थोरली स्वतः तिथे उभी होती. तिच्या डोळ्यांना काही वावगं दिसलं नव्हतं, पण मनातली शंका काही जात नव्हती.

"आम्ही हिशेब दिलाय, ताई," धाकटा म्हणाला. आवाज हळू ठेवला होता त्याने, पण कान लाल झाले होते. "गारव्याने किती उतरायला हवा, किती उतरला, सगळं जुळतंय."

"जुळतंय रे. पण जुळवल्यासारखं जुळतंय."

"म्हणजे आम्ही खोटं लिहिलं?"

"तसं कुठे म्हणतेय मी? पाण्याचा गारवा तुम्ही मोजला दोन ठिकाणी, आणि मधल्या सगळ्या पाइपाचा अंदाज धरला. अंदाज थोडा इकडे धरला तर तुमचं बरोबर, थोडा तिकडे धरला तर पाणी गेलं कुठे हा प्रश्न. मला कसं कळणार?"

"तुम्हाला कळत नसेल तर चांगलंच धरा ना, ताई," सूनबाई मध्ये बोलली. "सगळ्या जगाचं वाईटच कशाला धरायचं?"

सूनबाई तशी तोंडाने तिखट असली तरी मनाने वाईट नव्हती. तिचं गणित सरळ होतं. गुरुवार चुकला की पाइपाचं काम बघणारं जहाज दुसऱ्या कामावर निघून जाणार, मग समुद्र खवळायचे दिवस येणार आणि सगळं पुढच्या मोसमावर. खापर धाकट्यावर फुटणार. मग त्याची मुख्य कचेरीतली बढती गेली, आणि तिचं स्वतःचं घरही गेलं. लग्न झाल्यापासून ती सासूच्या स्वयंपाकघरात, सासऱ्यांच्या शिस्तीत राहिली होती. नव्या घराच्या खिडक्यांची मापंसुद्धा घेऊन झाली होती तिची. थोरलीला हे सगळं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिला सूनबाईचा राग येत नव्हता. वाईट वाटत होतं.

"तो नळ बघा आधी, अहो!" सूनबाई एकदम नवऱ्यावर खेकसली. खरा राग दुसराच होता, पण नळ हाताशी सापडला. "मघापासून टप टप, टप टप. डोकं उठलंय माझं."

धाकटा उठला. मोरी टेबलापासून हातभरावर होती. त्याने तोटी घट्ट आवळली, आणि मग मनगटाने अलगद पाव फेरा मागे घेतली.

"घ्या! परत मागे!" सूनबाईने कपाळावर हात मारला. "या घरात नळ बंद म्हणून कधी होत नाही. नुसता विसावा घेतो."

आत्याला हे मात्र नीट ऐकू आलं. ती खो खो हसली. आप्पाही खुशीत आले.

"सूनबाई, चाकाला जीव असतो," ते म्हणाले. "आवळून ठेवलंस की रुसतं. मग उघडायला चार गडी लागतात. बंद करायचं आणि पाव फेरा सोडायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या एका तरी पोराचा व्हॉल्व्ह कधी अडकला? विचार कुणालाही."

ते त्यांचं नेहमीचंच होतं. या घरातली मुलं चालायला लागली की नळ बंद करायला शिकायची, आणि नळ बंद करायला शिकली की पाव फेरा मागे घ्यायला. बाटलीचं झाकण, लोणच्याची बरणी, अंगणातली तोटी, सगळ्याला एकच न्याय.

थोरलीचा हात ताटातच थांबला. चाचणीच्या दिवशी व्हॉल्व्ह बंद करायचं काम खरं तर हाताखालच्या माणसाचं. पण धाकट्याने त्याला बाजूला सारलं, बाह्या वर केल्या आणि चाक स्वतः फिरवलं. शेवटपर्यंत आवळलं. आणि मग, आत्ता नळाला केलं अगदी तसंच, पाव फेरा मागे. ती त्याच्या शेजारी उभी होती. तिने ते पाहिलंही होतं. तिला त्यात काहीच खटकलं नव्हतं, कारण तिचा स्वतःचा हातही तसाच चालतो. दुसऱ्या कुठल्याही घरातला अधिकारी असता तर त्याने तिथल्या तिथे हटकलं असतं.

"जरा मागच्या खोलीत येतोस?" ती भावाला म्हणाली.

"जेवण टाकून?"

"ये म्हटलं ना."

मागची खोली म्हणजे आप्पांच्या हत्यारांची. भिंतीला पाने लटकत होते, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि तेलाचा वास होता. थोरलीने दार लोटलं आणि सरळ विचारलं, "त्या दिवशी तू चाक मागे घेतलंस. आठवतं?"

धाकट्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ते उत्तर थोरलीला पुरेसं होतं.

"नव्या जातीचे व्हॉल्व्ह आहेत ते," ती म्हणाली. "जुन्यात पाणी अडवायला आडवा येणारा एकच पाट असायचा. तो सैल सोडला की दाबानेच पलीकडे चिकटून बसायचा, आप्पांचं बरोबर होतं. या नव्यात दोन पाट आहेत, पाचरीसारखे. आवळलं तरच ते फाकतात आणि बसतात. चाक मागे घेतलंस की दोन्ही सैल."

"मला शिकवतेस? मीच शिकवतो ते लोकांना! वर्गात, चित्र काढून!" त्याचा आवाज फाटला. "डोक्याला माहीत आहे गं. हाताला नाही कळलं."

"पंपाची नळी तशीच जोडलेली होती. पाणी व्हॉल्व्हमधून झिरपून पंपाच्या टाकीत गेलं असणार. तिकडे कोण बघतंय?"

धाकटा आप्पांच्या स्टुलावर बसला. आणि मग, माणूस आहे, त्याला एकदम वाट दिसली.

"थांब, थांब. म्हणजे पाइप चांगलाच आहे की! पाणी व्हॉल्व्हमधून गेलं. पाइपातून नाही. ताई, उलट बरंच झालं! गारवा म्हण नाहीतर व्हॉल्व्ह म्हण, पाइप ठणठणीत. मग गारवाच राहू दे ना. कुणाचं काय बिघडलं?"

थोरलीला हो म्हणावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं. लहानपणी तो असाच तोंड करून तिच्याकडे बघायचा, काच फोडली की, आणि ती सांगायची, मांजराने पाडलं. बहुतेक पाइप खरोखरच चांगला होता. पैज लावायची असती तर तिनेही त्याच्याच बाजूने लावली असती.

"व्हॉल्व्हमधून किती गेलं ते तुला माहीत आहे?" ती म्हणाली. "सगळं तिथूनच गेलं, की थोडं दुसरीकडूनही? चाचणीने काहीच सांगितलं नाही आपल्याला. चांगलं नाही, वाईट नाही. आपण काट्याकडे बघत उगाच जागलो. आणि ते जाऊ दे. गुरुवारनंतर आत पाणी नसणार, गॅस असणार. तुझ्या पोरांनी व्हॉल्व्ह बंद केला, पाव फेरा मागे घेतला आणि पलीकडे दुरुस्तीला माणूस पाठवला, तर?"

"ते कशाला मागे घेतील?"

"साहेबांनी घेतलं. सगळ्यांनी बघितलं. साहेब चित्र काय काढतात ते कोण लक्षात ठेवतो, हात कसा फिरतो ते सगळे बघतात."

दार उघडलं. सूनबाई होती, तिच्यामागे आई. दोघींनी बरंचसं ऐकलेलं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

एरवी आई थोरलीची. या घरात थोरलीची बाजू घेणारं तेवढं एकच माणूस. आज ती पदराला हात पुसत म्हणाली, "तुला काय लिहायचं ते लिही बाई. पण यांच्या कानावर घालू नकोस. कशाने झालं ते सांगू नकोस. दुसरं काहीतरी सांग. त्या शर्टाला इस्त्री करून ठेवलीय त्यांनी स्वतः."

"आई, अहवालात लिहिल्यावर गावभर होईल ते."

"गावाचं मला काही नाही. तुझ्या तोंडून नको."

थोरलीला हे लागलं. आणि ज्या सूनबाईकडून तिने काहीच अपेक्षा केली नव्हती, ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "त्या पलीकडच्या बाजूला तुम्हीपण जाता ना हो कधी कधी? आत?"

"जातो. जावं लागतं."

"मग लिहा, ताई." ती एवढंच बोलली आणि तिने डोळे पुसले. खिडक्यांची मापं, नवं घर, सगळं त्या पुसण्यात गेलं असावं. नंतर आयुष्यात तिने त्यावरून एकदाही टोमणा मारला नाही, आणि टोमणे मारण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"काय लिहा?"

आप्पा दारात उभे होते. हातावर जेवण वाळलेलं. त्यांचे कान आत्यासारखे नव्हते.

"काही नाही हो," आई म्हणाली.

"काही नाही कसं? माझ्या हत्यारांच्या खोलीत सगळं घर गोळा झालंय आणि काही नाही?"

मग थोरलीने सांगितलं. फार गोड करून नाही, फार तोडूनही नाही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या मानेवरची शीर फुगली.

"मिळाली खोट! मिळाली अखेर!" ते ओरडले. "एवढी वर्षं शोधत होतीस ना? धाकट्यात नाही सापडली, पाइपात नाही सापडली, मग बापाच्या हातात सापडली! अगं, तुझं खातं जन्माला आलं नव्हतं तेव्हा मी ती चाकं फिरवत होतो. एक माणूस गेला नाही माझ्या पाळीत. एक!"

"माहीत आहे मला, आप्पा."

"काय माहीत आहे? बोट घालणं माहीत आहे!"

थोरलीने खाली पाहिलं. रडू येत होतं आणि या वयात बापासमोर रडायची लाज वाटत होती. एवढी मोठमोठी कामं तिने अडवली, कंपन्यांचे साहेब तिच्यावर ओरडून गेले, तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं.

"आप्पा," धाकटा स्टुलावरून उठला. "ताई खरं बोलतेय."

आप्पा त्याच्याकडे वळले. हा मुलगा त्यांच्या विरुद्ध बोलला, असं या घरात कधी घडलेलं कोणाला आठवत नव्हतं.

"मी फिरवलं चाक. मागे मी घेतलं. तिने बघितलं नसतं तर मी गुरुवारी तुमच्याकडूनही तसंच फिरवून घेतलं असतं, आणि टाळ्या वाजवल्या असत्या. मी आत्ताच साहेबांना फोन करतो. तिच्या अहवालाआधी माझ्याकडून गेलेलं बरं."

"आणि मी माझं लिहिणार आहे," थोरली म्हणाली. "मी तिथे होते आणि माझ्या लक्षात आलं नाही, हेही. मला या कामावरून काढतील. काढायलाच हवं."

"तुझं कशाला मध्ये?" धाकटा म्हणाला.

"कारण मी मध्ये होते."

धाकट्याने मोकळ्या केलेल्या स्टुलावर आप्पा बसले आणि म्हणाले, "दोन पाट म्हणालात. कसे बसतात ते दाखवा."

धाकट्याने दोन्ही पंजे एकमेकांना तिरपे लावले आणि दाखवलं. आवळलं की असे फाकतात. सोडलं की असे मिटतात. आप्पांनी पुन्हा दाखवायला लावलं. मग थोरलीला दाखवायला लावलं, दोघं एकच सांगतात का ते बघायला. मग त्यांनी स्वतःचे पंजे तसे लावून पाहिले. बोटं आता सरळ होत नव्हती, तरी जमलं.

"अक्कल आहे बनवणाऱ्याला," ते शेवटी म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अगं, पण मी पोरं किती शिकवली."

त्यांनी भिंतीवरच्या पान्यांकडे पाहिलं.

"ती सगळी आता कुठे कुठे आहेत. एक त्या उत्तरेच्या टर्मिनलवर मुख्य झालाय. तो डावखुरा जहाजावर आहे. ते जुळे भाऊ. आणि त्यांनी पुढे त्यांच्या पोरांना..." ते उठले. "माझा फोन कुठाय?"

"आता जेवा तरी," आई म्हणाली.

"जेवण पळतंय कुठे? फोन दे."

आई फोन आणायला गेली. थोरली म्हणाली, "आप्पा, खात्याकडून सगळ्या टर्मिनलांना पत्र जाईल. तुम्ही कशाला?"

"तुझं पत्र कोण वाचतंय? टेबलावर पडेल आणि वर चहाचा कप ठेवतील. मी शिकवलंय, मीच सांगणार." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मघाचा राग पुरता गेला नव्हता, पण त्याला आता दुसरं काम लागलं होतं. "बस इथे. नावं विसरलो तर आठवण कर. लहानपणी सगळी पोरं तुझ्या ओळखीची होती."

ती त्यांच्या पायाशी पेटीवर बसली. बाहेरच्या खोलीत धाकटा त्याच्या साहेबांना फोन लावून उभा होता, पाठ ताठ करून, आणि सूनबाई त्याच्या शेजारी, त्याची बाही धरून. आत्याने टेबलावरून ओरडून विचारलं, गुरुवारचं काय झालं म्हणून. आईने तिच्या चांगल्या कानात सांगितलं, नाही होणार. "मग मी राहतेच आठवडाभर," आत्या म्हणाली आणि तिने भात वाढून घेतला.

आप्पांनी पहिला फोन उत्तरेच्या टर्मिनलवर लावला. पलीकडून मोठ्याने, आनंदाने काहीतरी विचारलं गेलं.

"हो रे, मीच. जिवंत आहे. समारंभ नाही, समारंभ गेला उडत. नीट ऐक. मी तुला पाव फेरा शिकवला होता ना? हां, तोच. तुझ्या नव्या व्हॉल्व्हना तो करू नकोस. एकालाही करू देऊ नकोस. नाही, तेव्हा बरोबर होतं. आता चूक आहे. हो, मीच सांगतोय, माझीच चूक होईल ती, म्हणून सांगतोय." ते थांबले, खोकले. "आत्ता उठ आणि जाऊन बघ. माझ्याशी बोलत बसू नकोस."

पलीकडच्याने जाता जाता विचारलं, ही चूक पकडली कुणी. आप्पांनी दाराबाहेर पाठमोऱ्या उभ्या धाकट्याकडे पाहिलं, मग पायाशी बसलेल्या थोरलीकडे.

"कुणी म्हणजे? पोरांनी," ते म्हणाले. "दोघांनी मिळून."

हे काही खरं नव्हतं. थोरलीने ते दुरुस्त केलं नाही. तिने पुढच्याचं नाव सांगितलं.